राखाडी पट्टा

शनिवार, रात्री

पावसाने आज दिवसभर उसंत दिली नाही. ठाण्यातल्या नौपाड्यातली जुनी इमारत, त्यात आमचं घर तळमजल्यावर. जुलै लागला की भिंतींना ओल आणि रेकॉर्डच्या कव्हरांना बुरशी ठरलेलीच. दुपारी खालचा कप्पा रिकामा केला आणि हॉलभर एलपी (मोठ्या, लाँग-प्ले रेकॉर्ड) मांडून बसले. ह्यांनी पेपरातून मान वर काढून फक्त "चहा कुठे ठेवू?" एवढंच विचारलं.

धुण्याची माझी पद्धत साधी आहे. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, जुन्या धोतराचं मऊ फडकं, आणि हात खाचांच्या दिशेने गोल फिरवायचा. लेबल भिजू नये म्हणून त्यावर वाटी पालथी दाबून धरायची. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डना मात्र स्पिरिट दाखवायचंसुद्धा नाही. त्या लाखेच्या. सुतार पॉलिशसाठी चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवतो, हे लहानपणी पाहिलेलं असल्यामुळे मला कुणी वेगळं सांगावं लागलं नाही. हल्ली व्हिडिओ बघून लोक सगळ्या रेकॉर्ड अल्कोहोलने पुसायला निघतात. विनाइलचं निभावतं, पण लाखेवरच्या खाचा गाण्यासकट फडक्यावर येतात.

धुऊन झाल्यावर किशोरीताई आमोणकरांची भूप आणि बागेश्री रागांची एलपी लावली. ही बाबांची. लावण्याआधी ट्यूबलाइटखाली तिरकी धरून पाहायची सवय मला त्यांच्यापासूनच लागली. रेकॉर्ड तिरकी धरली की कुठे किती वाजली आहे ते दिसतं. न वाजलेला भाग काळाभोर चकचकीत असतो, फार वाजलेल्या भागाची चमक जाऊन तिथे राखाडी पट्टा उमटतो. आमच्या भूपमध्ये 'प्रथम सुर साधे'चा विलंबित, म्हणजे संथ भाग बऱ्यापैकी काळा आहे आणि लेबलाकडे सरकताना 'सहेला रे' सुरू होतं तिथून पुढे सगळं राखाडी. म्हणजे बाबा सुई उचलून थेट तिथेच ठेवत असणार. आम्हाला मात्र "विलंबितापासून ऐका, घाई कसली?" म्हणून दटावायचे!

त्यात गंमत अशी की एलपीवर सगळ्यात अडचणीची जागाही तीच. तबकडी मिनिटाला सव्वातेहतीस, काटेकोर बोलायचं तर ३३⅓ फेरे एकाच वेगाने घेते, पण कडेचं वर्तुळ मोठं आणि लेबलाजवळचं लहान. तेवढ्याच सेकंदाचं गाणं आत कमी लांबीच्या खाचेत कोंबलेलं असतं, म्हणून तिथे सुई अडखळते आणि वरचे सूर चिरकतात. सिनेमाच्या रेकॉर्डवर त्याचा फटका एखाद्या शेवटच्या गाण्याला बसतो. आपला ख्याल मात्र संथ सुरू होऊन चढत जाणारा, त्यामुळे द्रुत, म्हणजे जलद भाग आणि तानांची गर्दी नेमकी सगळ्यात वाईट जागी येऊन पडते. ही मांडणी ज्याने शोधली त्याने मैफल ऐकली नव्हती हे नक्की.

आजही 'सहेला रे' लागलं तेव्हा खरखर होतीच. ह्यांनी पेपर खाली ठेवला होता.

रविवार

कळव्याचा भंगारवाला सकाळीच दारात. "ताई, गाण्याच्या थाळ्या आल्यात, बघून घ्या." राम मारुती रोडच्या मागची एक इमारत पुनर्विकासाला चालली आहे, तिथल्या कुणाच्या तरी माळ्यावरचा गठ्ठा होता. नौपाड्यात आता हाच मोसम चालू आहे. चाळीस-पन्नास वर्षं हललेली नव्हती ती कपाटं हलतात आणि त्यांच्या पोटातून रेकॉर्ड बाहेर पडतात. भाड्याच्या तात्पुरत्या घरात कोण नेणार?

वर सगळा अपेक्षित ऐवज. गीतरामायणाच्या एलपी, नाट्यगीतं, 'शिवकल्याण राजा'. एकेक तिरकी धरून पाहिली. गीतरामायण आरशासारखं! कुणी फारसं लावलंच नसावं. १९५५ला पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक गीत येऊ लागलं आणि सगळी ५६ गीतं लोकांना रेडिओवरच पाठ झाली. माझ्या आईलासुद्धा. रेकॉर्ड घरात असणं हा वेगळा भाग होता, ती शोकेसमध्ये दिसायची. 'शिवकल्याण राजा'चीही तीच गत. १९७४ साली, राज्याभिषेकाला ३०० वर्षं झाली तेव्हा आलेली. हृदयनाथ मंगेशकरांच्या चाली, लतादीदींचा आवाज, रामदासांपासून कुसुमाग्रजांपर्यंतचे शब्द आणि मधे बाबासाहेब पुरंदऱ्यांचं निवेदन. फार मोठं काम आहे ते, पण हल्ली ते वर्षातून एकदा लाउडस्पीकरवर ऐकायचं म्हणून राहिलंय. खोलीत, बेताच्या आवाजात लावून पाहावं. रामदासांच्या ओळींना दीदी किती कमी जोर लावतात ते तेव्हाच कळतं.

गठ्ठ्याच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या ७ इंची ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांच्या छोट्या रेकॉर्ड निघाल्या. कव्हरं नाहीत. सुलोचनाबाई चव्हाणांच्या लावण्या, प्रल्हाद शिंदे, कोळीगीतं. लेबलांवर कुठल्याशा लाउडस्पीकरवाल्याचा जांभळा शिक्का आणि बॉलपेनने घातलेले नंबर. चकाकी म्हणाल तर औषधालाही नाही. "ह्या घासलेल्या आहेत, अशाच घेऊन जा, ह्यांचे पैसे नकोत," भंगारवाला म्हणाला.

गीतरामायणाचे त्याने तोंडाला येतील ते सांगितले. घासाघीस न करता दिले. खालच्या गठ्ठ्याची किंमत त्याला सुचली नाही यातच माझा फायदा होता.

बुधवार

ऑफिसातून आल्यावर कोळीगीतांची ईपी लावली. आधी कढई तापल्यासारखी चरचर, मग त्या चरचरीच्या पलीकडून हेमंतकुमार आणि दीदी. 'मी डोलकर'. शब्द शांता शेळक्यांचे, चाल हृदयनाथांची. आता बघा, शांताबाई इंदापुरात जन्मलेल्या, पेशाने मराठीच्या प्राध्यापक. दीदी इंदूरला जन्मलेल्या. हेमंतकुमार तर बंगालीच. यात कोळी कुणीच नाही! आणि तरी चेंदणी कोळीवाड्यात हळदीला बेंजो पार्टी हेच वाजवते, आणि ते आपलंच असल्यासारखे म्हातारेसुद्धा नाचतात. खरं-खोटं लोकगीत यावर तावातावाने लिहिणाऱ्यांनी एक हळद बघून यावी.

अर्थात याची दुसरी बाजूही आहेच. शाहीर विठ्ठल उमपांसारखी माणसं कोळीगीतं आणि भीमगीतं गल्लोगल्ली गात होती. वामनदादा कर्डक गाणी लिहून गावोगाव फिरत होते. त्या गाण्यांच्या ज्या छोट्या रेकॉर्ड निघाल्या त्या मिळतात तेव्हा अशाच मिळतात, घासून भुगा झालेल्या. कारण त्या वाजल्या. चौदा एप्रिलला वाजल्या, लग्नात वाजल्या, दिवसभर कर्ण्यावर वाजल्या. संग्राहक म्हणवणारे आम्ही लोक 'एकदम मिंट', म्हणजे नव्यासारख्या कॉपीच्या मागे धावतो आणि त्या नादात कुणीच न ऐकलेलं संगीत जपून ठेवतो. जे सगळ्यात जास्त ऐकलं गेलं ते रद्दीत जातं. पुढे कुणी आमच्या कपाटांवरून अंदाज बांधला तर त्याला वाटेल की या महाराष्ट्रात सगळे नाट्यगीतंच ऐकत होते.

प्रल्हाद शिंदेंची ईपी दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर अडकते. दर वेळी तोच शब्द, तीच उडी. सुईच्या दांड्याच्या टोकावर, सुईच्या वर, एक रुपयाचं नाणं ठेवून पाहिलं, तेव्हा कुठे पुढे गेली. (हे रोज करू नये, सुई आणि रेकॉर्ड दोघांचीही वाट लागते.)

शुक्रवार

वाशीच्या मित्राचा फोन. त्याला गीतरामायण हवं आहे, बदल्यात तो 'कॉल ऑफ द व्हॅली'ची पहिल्या काळातली, न वाजलेली प्रत देतो म्हणाला. ती माझ्याकडे आहे, पण बुरशी लागलेली.

ही रेकॉर्ड १९६७ची. सगळे तीन नावं घेतात: संतूरवाले शिवकुमार शर्मा, बासरीवाले हरिप्रसाद चौरसिया आणि गिटार आडवी घेऊन वाजवणारे ब्रिजभूषण काबरा. तबल्यावर माणिकराव पोपटकर होते, ते नाव मात्र कव्हर उलटून वाचल्याशिवाय कुणाच्या तोंडी येत नाही. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा एक दिवस, सकाळच्या अहीरभैरवापासून रात्रीपर्यंत. हे घडवून आणणारे एचएमव्हीचे जी. एन. जोशी. तेच ते, ना. घ. देशपांड्यांची 'रानारानांत गेली बाई शीळ' गाणारे. वकिलीचं शिक्षण घेतलेला हा माणूस मराठी भावगीताच्या पहिल्या पिढीतला गायक, पुढे कंपनीत जाऊन स्टुडिओतल्या काचेच्या पलीकडे बसला आणि पिढ्यान्‌पिढ्या गवयांना माइकसमोर बसवत राहिला. त्यांच्या स्वतःच्या आवाजातली 'शीळ' मला अजून चांगल्या अवस्थेत मिळालेली नाही. माझ्याकडच्या ७८वर कशीबशी तीन मिनिटं आहेत आणि त्यातला निम्मा खरखरीचा पाऊस! तरी 'व्हॅली'पेक्षा मी तीच जास्त लावते. लोखंडी सुयांनी कुणी कुणी ती किती वेळा वाजवली असेल कोण जाणे. प्रत्येक बाजूला नवी सुई लावायची असा नियम असायचा, पण सुईची डबी महाग, त्यामुळे घराघरांत एकच सुई चार-चार दिवस चालायची.

मित्राला म्हटलं, गीतरामायण घेऊन जा, 'व्हॅली' नको. तुझ्याकडे कोपऱ्यात टाकलेल्या घासलेल्या ईपी आहेत ना, त्या दे. तो हसला. "अगं, त्या मी कपाखाली ठेवायचे कोस्टर करायला ठेवल्यात." रविवारी ठाणे-वाशी लोकलने येतोय, पिशवी घेऊनच ये म्हटलंय. कोस्टर मी त्याला स्टेशनबाहेर घेऊन देईन.