१८ मेची दुपार

दरवर्षी १८ मेला मामांकडे जेवायला जायचं, हे आमच्या घरी ठरलेलं. कुणाचा वाढदिवस नसतो. १९६१ साली या दिवशी लेफ्टनंट आर. एच. ताहिलियानी यांनी सी हॉक हे जेट विमान आयएनएस विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या डेकवर उतरवलं. तिथे जेट उतरवणारे ते पहिले भारतीय. जहाज अजून मुंबईला पोचायचंच होतं. मामा तेव्हा काटोलला शाळेत होते. पुढे त्यांनी त्याच डेकवर, त्याच सी हॉकच्या मागेपुढे काम केलं, ७१ च्या डिसेंबरातल्या युद्धातही.

जेटच्या आवाजाने मामांचा उजवा कान गेलाय. त्यामुळे ते सांगायला बसले की मामी कूलर बंद करतात. नागपुरात, मे महिन्यात, भर दुपारी. आम्ही घाम पुसत ऐकतो.

यंदा माझ्या मुलाने विचारलं, "आजोबा, एवढ्याशा जागेत विमान थांबतं कसं?" मामांनी ताटं बाजूला सारली. डेकवरची आडवी तार म्हणून सुती नाडा टेबलावर आडवा धरून एक टोक माझ्या हातात दिलं, एक त्याच्या. मग उलथनं घेतलं. खिळ्याला अडकवायला दांडीचं टोक वाकवलेलं असतं, तोच विमानाच्या शेपटाचा हुक.

"आपल्या सोनेगाव विमानतळाची धावपट्टी ३२०० मीटर. आपलं अख्खं जहाज २१३. अन् तेही हलतंय." उलथनं खाली येऊ लागलं. "वैमानिकाची नजर डेकवरच्या आरशातल्या उजेडाच्या ठिपक्यावर. ठिपका हिरव्या दिव्यांच्या रांगेत हवा. वर गेला तर विमान उंच, खाली गेला तर आपण खाली. चाकं टेकली की इंजिन पूर्ण जोरात!"

"थांबायचंय नं? मग जोर कशाला?"

"हुक तारेत नाही अडकला तर पुढे समुद्र आहे, बाळा. पुन्हा उडता आलं पाहिजे."

हुक नाड्यात अडकला. "घट्ट धरू नका, हळूहळू सोडा! तार एकदम ताणली तर शेपूट उपटून येईल."

मला ताहिलियानींच्या कारकिर्दीतला हाच क्षण सगळ्यात मोठा वाटतो. पुढचं बरंच आहे. ३० नोव्हेंबर १९८४ ला ते नौदलप्रमुख झाले, त्या पदावर पोचलेले पहिले नौदल वैमानिक. विराट ही विमानवाहू नौका आपल्या ताफ्यात आली ती त्यांच्याच काळात, मे १९८७ मध्ये. नंतर सिक्कीमचे राज्यपालही झाले. पण मामा राज्यपालपदावर एक वाक्य बोलतात आणि परत डेकवर येतात. "आमच्या डेकवर उतरलेला माणूस चीफ झाला," हे सांगताना त्यांचा आवाज अजून भरून येतो. २०१९ च्या ऑक्टोबरात ताहिलियानी गेल्याची बातमी मीच वाचून दाखवली होती, डाव्या कानाशी. मामा उठून अंगणात गेले, आणि बराच वेळ आत आले नाहीत.

यंदा शेवटी पोराने उलथनं हातात घेतलं. पहिल्याच फेरीत हुक नाड्यावरून निसटला.

"चुकली! थांबू नको, जोर दे!" मामा ओरडले.

पोरगं उलथनं उंच धरून स्वयंपाकघरातून वळसा घालून पुन्हा टेबलाकडे वळलं. मामी कूलरच्या बटनाशी उभ्या होत्या. त्यांनी हात मागे घेतला.