भाड्याचं मोटरहोम: केबल काढून तपासा, मगच गाडी हलवा

लास वेगासला मोटरहोम ताब्यात घेताना कंपनीचा माणूस तुम्हाला सगळं चालू करून दाखवेल. दिवे लागतील, फ्रीजवर हिरवा दिवा येईल, पंप घुरघुरेल, छतावरचा एसी गार हवा मारेल. यातल्या कशावरही विश्वास ठेवू नका, कारण त्या वेळी गाडीची जाड काळी केबल त्यांच्या विजेच्या खांबाला लावलेली असते. ती केबल काढायला लावा, जनरेटर बंद करायला लावा, आणि मग म्हणा, "आता दाखवा." आमच्या सहलीचं जे वाटोळं झालं ते या दोन मिनिटांत वाचलं असतं.

आम्ही डॅलसला राहतो. सांगलीहून आई-बाबा आले होते, त्यांना युटातली झायन आणि ब्राइस ही राष्ट्रीय उद्यानं दाखवायची होती. बाबांना रोज नव्या हॉटेलच्या खोल्या आणि जिने नकोत, आईला स्वतःचा चहा स्वतः करायचा असतो, म्हणून पंचवीस फुटी मोटरहोम घेतलं. पुढे फोर्डची गाडी, मागे घर. बाबांच्या इन्सुलिनची पेनं फ्रीजमध्ये. हे आधीच सांगते, म्हणजे फ्रीजवर मी एवढी का चिडले आहे ते कळेल.

ज्यांनी आरव्ही, म्हणजे असं चाकांवरचं घर, कधी वापरलेली नाही त्यांच्यासाठी थोडं. घराच्या भागात दोन वेगळ्या विजा असतात. एक १२० व्होल्टची, ती खांबाच्या केबलवरून किंवा जनरेटरवरून येते. एसी, मायक्रोवेव्ह आणि भिंतीतले सॉकेट तिच्यावर. दुसरी १२ व्होल्टची, घराच्या बॅटरीवरची. दिवे, पाण्याचा पंप, हीटरचा पंखा, गॅसगळतीचा अलार्म तिच्यावर. केबल लावलेली असताना कन्व्हर्टर नावाचा डबा १२० व्होल्टचे १२ करतो, दिवे चालवतो आणि बॅटरीही भरतो. आता मुद्द्याची गोष्ट: फ्रीज जरी गॅसवर चालत असला तरी त्याचं कंट्रोल बोर्ड १२ व्होल्टवर असतं. १२ व्होल्ट गेले की सिलिंडर भरलेला असूनही फ्रीज बंद. हीटर बंद. पंप बंद. हे मला कोणी सांगितलं नाही, आणि कंपनीच्या अर्ध्या तासाच्या व्हिडिओतही नाही.

पहिल्या दिवशी वेगासहून झायनला पोचलो तेव्हा फ्रीज गार नव्हता. फोन केला. उत्तर आलं, "नवीन फ्रीज सुरू केला की बारा तास लागतात, शिवाय बाहेर ऊन आहे." हे खरंही आहे. असे फ्रीज कॉम्प्रेसरवर चालत नाहीत, अमोनिया तापवून गारवा करतात, त्यामुळे हळू असतात, आणि गाडी वाकडी उभी असेल तर तेही करत नाहीत. झायनच्या वॉचमन कॅम्पग्राउंडमध्ये आमच्या जागेला विजेचा खांब होता. केबल लावली, सकाळपर्यंत दूध गार. आम्ही खूश. झायनबद्दल लिहीत नाही, सुंदर आहे, जा.

झायनहून ब्राइसला जाणाऱ्या जवळच्या रस्त्यावर बोगदा आहे, त्याच्या भानगडीत मोठी गाडी घालायची नव्हती, म्हणून हरिकेन गावावरून आंतरराज्य महामार्ग १५ धरला, सीडर सिटीच्या पुढे २० नंबरच्या रस्त्याने ८९ ला लागलो आणि पँग्विचवरून ब्राइस. (सीडर सिटीहून १४ नंबरचा रस्ता नकाशावर जवळचा दिसतो. मोटरहोम घेऊन त्या घाटात जाऊ नका.) पँग्विचला जेवायला थांबलो तर दही आंबलेलं, लोणी पातळ. परत फोन. "गॅसचा व्हॉल्व्ह उघडा आहे का बघा." उघडा होता. शेगडी भकाभका पेटत होती.

ब्राइसच्या नॉर्थ कॅम्पग्राउंडमध्ये विजेचे खांब नाहीत. उंची आठ हजार फुटांच्या आसपास, जूनमध्येही रात्री कडाक्याची थंडी. इंजिन बंद करून मागे गेलो तर घर मेलेलं. एकही दिवा नाही. नळाला पाणी नाही. हीटरचं बटण दाबलं तर टिक् सुद्धा नाही. रात्री जनरेटर लावायला बंदी आहे, आणि ती पाळायलाच हवी, शेजारी तंबूत लोक झोपलेले असतात. हेल्पलाइनचं ऑफिस वेगासच्या वेळेने बंद झालेलं. युटा वेगासच्या एक तास पुढे आहे, हेही लक्षात ठेवा: ते सकाळी आठला उघडतात तेव्हा तुमच्याकडे नऊ वाजलेले असतात.

ती रात्र आम्ही चौघांनी सगळे कपडे अंगावर घालून काढली. शेगडीला काडी लावली की ती १२ व्होल्टशिवाय पेटते, म्हणून आईने चहा केला, पण शेगडी पेटती ठेवून घर उबदार करायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडने माणसं झोपेत जातात. आणि त्या रात्री गॅसगळतीचा अलार्मही बंद होता. जमिनीलगत बसवलेला चौकोनी डबा असतो, प्रोपेन हवेपेक्षा जड म्हणून खाली. त्याच्यावर एक बारीक हिरवा दिवा कायम लागलेला असतो. आमचा विझलेला होता. इन्सुलिनचं वापरातलं पेन बाहेर चालतं, पण साठ्याची पेनं? ती आम्ही थर्मासमध्ये घालून बाहेरच्या थंडीत, गाडीच्या पायरीवर ठेवली, गोठणार तर नाहीत ना म्हणून मी दोनदा उठून बघितलं.

सकाळी जनरेटरची वेळ झाल्याबरोबर बटण दाबलं. एका झटक्यात सुरू, आणि घरातलं सगळं लख्ख चालू. हेल्पलाइनवरची बाई समाधानाने म्हणाली, "बघा, तुम्ही रात्री दिवे जास्त वापरलेत, बॅटरी संपली होती. चार तास जनरेटर चालवा." जनरेटरचे तासाचे पैसे आपणच भरायचे असतात. मी चार तास चालवला. बंद केला. परत अंधार, त्याच क्षणी.

मग त्यांनी एक फिरता टेक्निशियन पाठवला. दुपारी आला, बॅटरीकडे बघितलं, मीटरही काढला नाही, आणि म्हणाला बॅटरी गेली, नवीन घालतो, सगळं मिळून साडेपाचशे डॉलर, कंपनीकडून नंतर मागा. एक आठवड्याची भासावी अशी नवी कोरी बॅटरी होती ती! वेगासच्या आवारात आमच्यासमोर त्यांचा पोरगा पायरीखालच्या कप्प्यात वाकून तिचे नट आवळत होता.

बाबांची सगळी नोकरी एमएसईबीत, मिरजेच्या लाइन स्टाफमध्ये गेली. इंग्रजी फार येत नाही म्हणून ते आतापर्यंत गप्प होते. ते मला म्हणाले, "अगं, त्याला विचार, बॅटरी मेली असती तर सकाळी जनरेटरने स्टार्टर कसा मारला? तो त्याच बॅटरीवर फिरतोय ना?" मी विचारलं. टेक्निशियनने खांदे उडवले. बाबा म्हणाले, "पोलवर लाइट आहे आणि घरात नाही, म्हणजे मधे फ्यूज उडालाय. एवढं सरळ आहे. परत पाठव त्याला." नुसतं येण्याचे त्याने २२५ डॉलर लावले आणि गेला.

मग आम्ही शोधलं, आणि हा भाग नीट वाचा, कारण तुमच्यावर वेळ आली तर याचाच उपयोग आहे.

आधी दाराजवळचा बॅटरीचं कनेक्शन तोडण्याचा स्विच बघा, असला तर. साफसफाई करणारे तो बंद ठेवून जातात आणि लक्षणं हीच दिसतात. आमचा चालू होता. मग वीस डॉलरचा मल्टिमीटर. तो कुठल्याही वॉलमार्टात मिळतो आणि तो न घेता आरव्हीत पाऊल ठेवू नका. पायरीखाली बॅटरीच्या टोकांवर १२.६, म्हणजे जवळजवळ भरलेली. १२.१ च्या आसपास असेल तर अर्धी संपली समजा. आता जनरेटर लावून परत तिथेच मोजलं. कन्व्हर्टर बॅटरीपर्यंत पोचत असेल तर आकडा साडेतेराच्या आसपास चढायला हवा. आमचा १२.६ वरून हललाच नाही. म्हणजे बॅटरी चांगली, कन्व्हर्टर चांगला, दोघांच्या मधला रस्ता तुटलेला.

पलंगाच्या खाली गुडघ्याएवढ्या उंचीवर एक तपकिरी झाकण होतं. आत डाव्या बाजूला १२० व्होल्टचे ब्रेकर, उजवीकडे गाडीतले असतात तसे पात्यांचे रंगीत फ्यूज. सगळ्यांच्या शेवटी दोन नारिंगी, ४० अँपिअरचे, शेजारी बारीक अक्षरात लिहिलेलं: रिव्हर्स बॅटरी. बाबांनी पक्कडीने एक ओढला. प्लास्टिकच्या खिडकीतली तार मधोमध तुटलेली आणि दोन्ही टोकांना काळे मणी. दुसराही तसाच.

हे दोन फ्यूज एकाच कामासाठी असतात. कोणी बॅटरी उलटी जोडली, लालच्या जागी काळी, क्षणभर टेकली तरी ते जळतात आणि कन्व्हर्टर वाचतो. चालवताना, दिवे जास्त लावले म्हणून ते जळत नाहीत. म्हणजे वेगासच्या आवारात त्या पोराने बॅटरी बदलताना वायरी उलट्या टेकवल्या, मग सरळ केल्या, आणि केबल लावलेली असल्यामुळे दिवे चालूच राहिले, कोणाला कळलं नाही. त्यानंतर खांब किंवा जनरेटर असेल तेव्हाच घर जिवंत. रस्त्यावर फ्रीज कायम बंद. सगळा उलगडा झाला.

पँग्विचच्या स्पेअर पार्टच्या दुकानात फ्यूजचं पाकीट काही डॉलरना मिळालं. बदलताना जनरेटर बंद, केबल काढलेली आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडलेली हवी. जेवढ्याचा फ्यूज होता तेवढ्याचाच घाला. काही गाड्यांत ३० चे हिरवे असतात. मोठा घालून चालवू म्हणणाऱ्याला गाडीजवळ येऊ देऊ नका, वायर पेटते. निगेटिव्ह परत लावली आणि पलंगापाशी उभ्या असलेल्या आईने ओरडून सांगितलं, "लागला गं हिरवा!" गॅसच्या अलार्मचा दिवा. मला त्या क्षणी जो आनंद झाला तो ब्राइसच्या सूर्योदयालाही झाला नाही, आणि सूर्योदय फार मोठा असतो तिथला.

तर आवारात काय तपासायचं. केबल आणि जनरेटर दोन्ही बंद असताना: अलार्मचा हिरवा दिवा, पंप, हीटर (वेगासच्या उन्हातसुद्धा लावून बघा), फ्रीज गॅसवर टाकून तो पेटतो का. टायरच्या बाजूवर DOT या अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा, तसली गाडी परत करा, नक्षी कितीही छान असो. मागची आतली चाकं वाकून बघा, ती कोणी बघत नाही. मैल्याच्या टाक्यांचे सेन्सर खोटं बोलतात, रिकाम्या टाकीलाही दोन तृतीयांश दाखवतात, त्यावर फोन करून वेळ घालवू नका. कॅम्पग्राउंडच्या खांबावरचा व्होल्टेज दुपारी पडतो. १०५ च्या खाली असेल तर एसी लावू नका, कॉम्प्रेसर जाईल आणि बिल तुमच्या नावावर येईल. जनरेटर पेट्रोलच्या मुख्य टाकीतूनच पितो, पण पाव टाकी उरली की आपोआप थांबतो, म्हणजे तुम्ही जंगलात अडकू नये म्हणून. तो बिघाड नाही.

सगळ्यात महत्त्वाचं: रस्त्यावरच्या मदतीचा जो नंबर देतात तो इंजिन आणि चाकांसाठी असतो. घराचा भाग त्यात धरतीलच असं नाही. करारात घराच्या दुरुस्तीबद्दल काय आहे आणि किती रकमेच्या पुढे आधी परवानगी लागते, ते सही करण्याआधी शोधा. परवानगी तोंडी घेऊ नका, मेसेजवर घ्या. आई-बाबांची औषधं असतील तर फ्रीजच्या भरवशावर राहू नका, वेगळी बर्फाची पेटी ठेवा. ब्राइसनंतर पुढे ॲरिझोनातल्या पेज गावी आणि मॉन्युमेंट व्हॅलीला जाणार असाल तर घड्याळाचा आणखी घोळ आहे: उन्हाळ्यात पेज वेगासच्या वेळेवर आणि नवाहो प्रदेशातलं कायेंटा एक तास पुढे. दुरुस्तीची वेळ घेताना कोणाचे नऊ ते विचारा.

विकत घेणाऱ्यांना एवढंच सांगते की वॉरंटी एक नसते. फोर्ड फक्त पुढची गाडी आणि चेसिस बघतं, घर बांधणारा घर बघतो, फ्रीजवाला फ्रीज बघतो, आणि तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. बऱ्याच राज्यांत खराब गाडी परत घ्यायला लावणारा कायदा राहायच्या भागाला लागू होत नाही. ओळखीच्या एका कुटुंबाची नवी गाडी पावसाळाभर डीलरच्या आवारात पडून होती. त्यापेक्षा चार वर्षं वापरलेली, मालकाने स्वतः दुरुस्त करून घेतलेली गाडी घ्या.

परत करताना त्यांनी जनरेटरचे सगळे तास बिलात धरले आणि टेक्निशियनचे २२५ नाकारले. मी जळलेले दोन्ही फ्यूज प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले होते, मीटरच्या आकड्यांचे फोटो वेळेसकट होते, आणि पहिल्या दिवसापासूनचे मेसेज. मॅनेजरने पिशवी हातात घेतली, जनरेटरचे पैसे तिथल्या तिथे काढून टाकले. २२५ साठी क्रेडिट कार्डाकडे लेखी तक्रार केली आहे. अमेरिकेत कार्ड कंपनीने पहिलं बिल पाठवल्यापासून साठ दिवसांच्या आत ती त्यांच्याकडे पोचावी लागते, फोनवर बोलून भागत नाही. डेबिट कार्डाने आरव्ही भाड्याने घेऊ नका, तिथे हा हक्क असा मिळत नाही.