तुम्ही विचारलंत म्हणून: गप्पा मारणाऱ्या बॉटच्या पात्राचा पूर्वेतिहास किती लिहायचा?

प्रश्न बहुतेक वेळा असा येतो: पात्राचं बालपण, शाळा, घरची माणसं, सगळं लिहून चार पानं भरली, तरी थोड्या वेळात ते इतर बॉटांसारखंच गोडगोड का बोलायला लागतं? आणखी लिहू का?

आणखी नको. निम्म्याहून जास्त काढून टाका.

1972 च्या सुमाराला अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये केनेथ कोल्बी या मनोविकारतज्ज्ञाने ‘पॅरी’ नावाचा प्रोग्राम केला. संशयाने पछाडलेल्या रुग्णाचं सोंग तो घ्यायचा. त्याची जन्मकथा चार ओळींत मावते: वय 28, अविवाहित, पोस्टात कारकून, घोड्यांच्या शर्यतीचा नाद. एका बुकीशी पैशांवरून भांडण झालं आणि आता तो माफियाकरवी आपला काटा काढेल ही भीती. यातली एकही ओळ शोभेची नाही. काहीही विचारा, गाडी शर्यतींवरून बुकीवर आणि बुकीवरून माफियावर जाते. आत भीती, राग आणि अविश्वास यांचे आकडे समोरच्याच्या शब्दांनुसार वरखाली व्हायचे. त्याच्या आधीची, 1966 ची ‘एलायझा’ ही गप्पा मारणारी प्रणाली विसरा; तिला भूतकाळच नव्हता, ती समोरच्याचं वाक्य फिरवून त्यालाच विचारायची.

म्हणून प्रत्येक ओळीला एकच कसोटी लावा: ही ओळ काढली तर कुठलं उत्तर बदलेल? एकही नाही, तर ओळ गेली. ‘प्रेमळ, कष्टाळू, मिश्कील’ ही विशेषणं याच कसोटीवर पडतात. बॉटच्या मागे उत्तरं तयार करणारं भाषेचं मॉडेल मुळातच प्रेमळ बोलतं, त्याला पुन्हा तेच सांगून काय मिळणार?

समजा, मालनबाई लिहायच्या आहेत. वय 58, सोलापुरात खानावळ, 22 मेंबरं. एक मेंबर तीन महिन्यांचे पैसे बुडवून गेला, तेव्हापासून उधारी बंद. पण दारात आलेला उपाशी माणूस परत पाठवता येत नाही. फोन फक्त उचलता येतो, बाकीचं भाचा बघतो. झालं. उधारी बंद आणि उपाशी पाठवायचं नाही, या ओढाताणीतून तिचं अर्धं बोलणं निघतं. फोनची ओळ वेगळ्या कामाची. कुणी कोड लिहून मागितला, तर ‘ते भाच्याला विचार’ हे उत्तर त्यातून येतं. पात्राला काय येत नाही आणि ते कसं सांगतं, हे लिहायलाच लोक विसरतात.

खरा वेळ घालवा नमुन्याच्या संवादांवर. ‘सोलापुरी ढंगात बोलते’ असं लिहिलं की मॉडेल कुठल्याही गावची खिचडी करतं. त्यापेक्षा पाच-सहा देवाणघेवाणी लिहून द्या. ‘मावशी, पैसे पुढच्या महिन्यात देतो.’ ‘मग जेवायलाबी पुढच्या महिन्यातच ये. सकाळपासनं काय खाल्लंस?’ एका नमुन्यात ती नकार देते, एकात चिडते, एकात ‘मला नाही ठाऊक’ म्हणते. लांबी कमीजास्त ठेवा. दोन नमुने ‘अगं बाई’ने सुरू केलेत, तर पुढे प्रत्येक उत्तर ‘अगं बाई’ने सुरू होईल. मॉडेल नमुन्याची नक्कल फार इमानदारीने करतं.

मराठीत एक जास्तीची अडचण आहे, इंग्रजीतल्या मार्गदर्शिकांत ती सहसा सापडत नाही. ‘मी सांगितलं’, ‘मी बघेन’ यांत बोलणारी बाई की पुरुष ते कळत नाही. सगळे नमुने असेच असले की मालनबाई मध्येच ‘मी जातो’ म्हणते. म्हणून ‘मी सांगते’, ‘मी गेले होते’ अशी रूपं नमुन्यांत मुद्दाम पेरा. समोरच्याचं उलटं: तो की ती हे माहीत नसतं, त्यामुळे ‘जेवलास’ किंवा ‘जेवलीस’ टाळा आणि ‘काय खाल्लंस’ वापरा. ‘तुम्ही’ म्हणणारं पात्र असेल तर ‘जेवलात’ने भागतं. तू की तुम्ही, हे पहिल्या स्वागताच्या संदेशातच पक्कं करा. उत्तरांची लांबीही तिथूनच ठरते. स्वागतात सहा परिच्छेद लिहिलेत तर पुढेही सहाच येतील.

बॉट बनवायच्या काही साधनांत गप्पांमध्ये खुणेचा शब्द आला की त्याला जोडलेली माहिती आपोआप पुढे येते. तिथे ‘सोलापूर’ एवढीच खूण ठेवली आणि वापरणाऱ्याने ‘सोलापुरात’ लिहिलं, तर काही घडत नाही, कारण दीर्घ ऊ ऱ्हस्व झालेला असतो. ‘नवरा’ आणि ‘नवऱ्याला’ यांचंही तेच. दोन्ही रूपं द्या. पूर्ण शब्द जुळवण्याची अट असेल तर ती काढा, नाहीतर ‘वही’ ठेवून ‘वहीत’सुद्धा सापडणार नाही.

लांब गप्पांत पात्र विरघळतं, कारण सुरुवातीचा मजकूर मागे पडतो किंवा मॉडेल एका वेळी जेवढं वाचू शकतं त्या मर्यादेबाहेर जातो. देवनागरीत तेवढ्याच मजकुराला इंग्रजीपेक्षा सहसा जास्त टोकन (मॉडेल मजकूर मोजतं ते छोटे तुकडे) लागतात, म्हणजे जागा लवकर भरते. इथे चार पानं अंगाशी येतात. उपाय साधा आहे: दोन ओळींची आठवण ताज्या संदेशांच्या जवळ राहील अशी ठेवा. ‘मालनबाई थोडक्यात बोलते, उधारी देत नाही, जेवल्याशिवाय सोडत नाही.’

चाचणी दर वेळी कोऱ्या संवादात करा, आधीच्या गप्पांचा आधार नको. शिवी द्या, इंग्रजीत विचारा, फुकट जेवण मागा, खोटी आठवण घुसवा (‘काल तूच म्हणालीस ना, उधार चालेल?’). ती लगेच ‘हो, म्हणाले होते’ म्हणाली, तर तिला ठाम नकाराचा आणखी एक नमुना द्या. आणि कुणी मनापासून विचारलं, ‘तू खरंच माणूस आहेस का?’, तर सोंग बाजूला ठेवून ‘नाही, मी बॉट आहे’ हे उत्तर यायलाच हवं. त्याचाही नमुना लिहा, मालनबाईच्याच शब्दांत.