तुम्ही विचारलंत म्हणून: कांद्यासाठी आम्ही कोर्टात का जात नाही?

चांदवड तालुक्यातल्या आमच्या गावी मी वर्षातून चार-पाच वेळा जातो. लग्न असो की दशक्रिया, पंगत उठून सुपारी फिरू लागली की कोणी ना कोणी मला गाठतो आणि विचारतो, "वकीलसाहेब, सरकार रातोरात निर्यात बंद करते, सकाळी लिलावात आमचा माल मातीमोल होतो, मग तुम्ही कोर्टात का जात नाही?" मी नाशिकला दिवाणी दावे चालवतो, सरकारी धोरणाविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयात दाखल होतात आणि ते माझे नेहमीचे काम नाही. तरीही एकाच प्रश्नाला दरवेळी उभ्याउभ्या अर्धवट उत्तर देऊन मी आता कंटाळलो आहे, म्हणून एकदा नीट लिहितो.

थोडक्यात सांगायचे तर न्यायालयात जाता येते, पण जिंकता येत नाही, कारण निर्यातबंदी करताना सरकार बहुतेक वेळा कोणताही कायदा मोडत नाही. हे ऐकून आमच्या नानांचा चेहरा पडतो. अन्याय झाला म्हणजे कुठेतरी कायदा मोडला गेलाच असणार, अशी त्यांची भाबडी समजूत आहे, आणि वकिली सुरू करण्यापूर्वी माझीही तशीच होती.

परदेशाशी होणारा व्यापार हा विषय राज्यघटनेने केंद्राच्या सूचीत टाकला आहे. शेती आणि बाजार समित्या राज्याकडे, पण बंदराचे फाटक केंद्राच्या हातात, अशी ही वाटणी आहे. त्यामुळे भाव पडल्यावर मुख्यमंत्र्यांकडे निवेदन घेऊन जाणारी शिष्टमंडळे निम्म्या वेळा चुकीच्या दारात उभी असतात. परकीय व्यापार (विकास व नियमन) कायदा, १९९२ याच्या कलम ३ नुसार केंद्र सरकारला राजपत्रात आदेश छापून कोणत्याही मालाची निर्यात रोखता येते. सीमाशुल्क दर कायदा, १९७५ याच्या कलम ८ नुसार तातडीची गरज वाटल्यास निर्यात शुल्क लावता किंवा वाढवता येते. व्यापाऱ्याने गोदामात किती माल ठेवायचा हे अत्यावश्यक वस्तू कायदा, १९५५ याखाली ठरवता येते, आणि हा कायदा घटनेच्या नवव्या परिशिष्टात असल्यामुळे मूलभूत हक्कांच्या आधारे त्याला हात लावणे आणखी कठीण होते. या तिन्ही कायद्यांत शेतकऱ्याला आधी विचारा, त्याला मुदत द्या, त्याचे नुकसान भरून द्या, असे एक अक्षरही नाही.

२०२३ साली काय झाले ते तारखांनिशी पाहा. १९ ऑगस्टला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनामागे ८०० डॉलर हे किमान निर्यात मूल्य ठरले, म्हणजे त्याहून कमी भावाने कांदा बाहेर पाठवता येईना. ७ डिसेंबरच्या अधिसूचनेने निर्यातच बंद झाली. ती ३१ मार्चपर्यंत होती, पण मुदत संपण्याआधीच पुढील आदेश येईपर्यंत वाढवली गेली. बंदी आली तेव्हा बाजारात लाल कांदा होता. उन्हाळ कांदा चाळीत चार-सहा महिने तग धरतो, भाव पडला तर थांबता तरी येते. लाल कांदा थांबत नाही, तो काढला की विकावाच लागतो. लासलगावला महिन्याच्या सुरुवातीला साडेतीन-चार हजारांच्या आसपास फिरणारा क्विंटलचा भाव महिनाअखेरीस दोन हजारांच्या खाली आला. लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला, आणि माझा चुलतभाऊ दोन दिवस ट्रॅक्टर भरून अंगणात उभा करून बसला.

त्या अधिसूचनेत एक सवलत होती, आणि तिच्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. अधिसूचना निघण्यापूर्वी ज्याचा माल जहाजात चढायला सुरुवात झाली होती किंवा सीमाशुल्क खात्याच्या ताब्यात गेला होता, त्याला तो माल पाठवण्याची मुभा दिली गेली. म्हणजे आदेशाने मधल्या प्रवासात सापडलेल्या माणसाचे नुकसान होऊ नये, हे तत्त्व सरकारला मान्य आहे, मात्र हा प्रवास बंदरावर सुरू होतो असे ते धरून चालते. माझ्या भावाच्या दृष्टीने तो प्रवास जुलैत रोप टाकले तेव्हाच सुरू झाला होता. रोप, लागवड, निंदणी, खत, औषध यांवरचा त्याचा सगळा खर्च अधिसूचनेच्या आधीच होऊन गेला होता.

आता न्यायालयाकडे येतो. डाळींच्या आयातीवर सरकारने मर्यादा घातल्या तेव्हा आयातदार निरनिराळ्या उच्च न्यायालयांत गेले. काहींनी अंतरिम आदेश मिळवून मालही आणला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३ खालच्या त्या अधिसूचना वैध ठरवल्या आणि अंतरिम आदेशांच्या भरवशावर माल आणणाऱ्यांना त्याचा फायदा घेऊ दिला नाही. त्याहून जुना निकाल १९७८ चा आहे. मोहरीच्या तेलाचा भाव किलोला १० रुपयांवर बांधणाऱ्या १९७७ च्या आदेशाला गिरण्यांनी आव्हान दिले होते. आमचा खर्चही यातून निघत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सात न्यायाधीशांच्या पीठाने आदेश कायम ठेवला. अशा नियंत्रणाचा मुख्य हेतू ग्राहकाला रास्त भावात वस्तू मिळवून देणे हा आहे आणि उत्पादकाचे हित हा त्यातला केवळ एक भाग आहे, हा त्या निकालाचा रोख होता. सरकारने शब्द दिला आणि त्यावर विसंबून कोणी पैसा घातला तर तो शब्द सहजी मोडता येत नाही, असे एक तत्त्व आपल्याकडे आहे खरे. पण सरकारने "सार्वजनिक हित" हे दोन शब्द प्रतिज्ञापत्रात लिहिले आणि त्याखाली ग्राहक व्यवहार विभागाचे किरकोळ भावांचे तक्ते जोडले की ते तत्त्व सहसा मागे सरते.

डाळींच्या त्या खटल्यातली एक गोष्ट मी पंगतीत मुद्दाम सांगतो, आणि ती कोणाला आवडत नाही. स्वस्त परदेशी वाटाणा आला तर देशातल्या डाळी पिकवणाऱ्यांचा भाव पडेल, म्हणून ती आयात रोखली होती. म्हणजे आपल्या गळ्याला फास वाटणारे हेच कलम ३ विदर्भ-मराठवाड्यातल्या तूर आणि हरभरावाल्यांच्या बाजूने वापरले गेले होते, आणि तेव्हा आपल्यापैकी कोणी त्याला जुलमी म्हटले नव्हते. सरकारकडे हा अधिकारच नको, असे म्हणायला माझी जीभ म्हणूनच वळत नाही. शिवाय २०२३ ची भीती अगदी निराधार होती असेही नाही: २०२२-२३ मध्ये सुमारे ३०२ लाख टनांवर असलेले देशाचे उत्पादन पुढच्या वर्षी २४३ लाख टनांच्या आसपास आले.

माझी तक्रार वेगळी आहे. हा अधिकार कांद्याच्या बाबतीत एकाच दिशेने कर्तव्यासारखा वापरला जातो. भाव चढला की अधिसूचना रात्रीत निघते आणि त्याच क्षणी लागू होते. भाव पडला की जे काही होते ते मेहेरबानी म्हणून होते. कांद्याला हमीभाव नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये शुल्काविरुद्ध लिलाव बंद पडले तेव्हा आणखी दोन लाख टन कांदा क्विंटलला २,४१० रुपयांनी घेऊ असे केंद्राने जाहीर केले, पण पुढच्या वर्षी तसे करणे कोणावर बंधनकारक नव्हते. शिवाय सरकारी साठ्यासाठी घेतलेला कांदा भाव चढू लागला की शहरांत सोडला जातो. आमचाच कांदा आमच्याच अंगावर सोडतात, असे गावात म्हणतात, आणि ते खोटे नाही. राज्य सरकारने २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे ३५० रुपये, २०० क्विंटलच्या मर्यादेत, अनुदान दिले. त्यासाठी सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी होती. आमच्या एका चुलत्यांच्या उताऱ्यावर ते शेत पडीक दिसत होते. हिशोबपट्ट्यांचा गठ्ठा हातात धरून ते माझ्याकडे आले, तेव्हा बंदी घालताना कोणाचाही सातबारा पाहावा लागत नाही, हा विचार माझ्या मनात आल्याशिवाय राहिला नाही.

आर्थिक बाजूही तितकीच एकांगी आहे. किरकोळ महागाई मोजणाऱ्या २०१२ आधारवर्षाच्या निर्देशांकात कांद्याचे वजन अवघे ०.६४ टक्के होते. पण कांदा रोज विकत घ्यावा लागतो, त्याचा भाव प्रत्येकाला पाठ असतो, आणि १९९८ साली दिल्ली राज्यातली सत्ता त्यानेच घालवली असे राजकारणी मानतात. त्यामुळे त्याचे राजकीय वजन निर्देशांकातल्या वजनाच्या कितीतरी पट आहे. २०२२-२३ मध्ये सुमारे २५ लाख टन कांदा परदेशी गेला, म्हणजे उत्पादनाच्या आठ टक्क्यांच्या आसपास. एवढ्याशा हिश्श्याने काय होते, असे पुण्यातले माझे मित्र विचारतात. लिलावाच्या ओट्यावर मात्र चार बोली लावणाऱ्यांपैकी निर्यातीसाठी घेणारा उठून गेला की उरलेल्या तिघांना घाई राहत नाही आणि सगळ्याच ट्रॅक्टरांचा भाव खाली येतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या एका अभ्यासानुसार ग्राहकाने कांद्यावर खर्च केलेल्या रुपयातले सुमारे ३६ पैसे शेतकऱ्याला मिळतात. उरलेल्या ६४ पैशांतली हमाली, वाहतूक, सड आणि नफा अधिसूचनेने कमी होत नाहीत. कमी होतात ते हे ३६. शहरातल्या गरीब घराला कांदा परवडला पाहिजे, हे मला पूर्ण मान्य आहे. पण ते सार्वजनिक हित असेल तर त्याचा खर्चही सर्वांच्या तिजोरीतून व्हावा. तो निफाड, येवला, चांदवडच्या लोकांच्या हिशोबपट्टीतून का वळता व्हावा, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

कायदा बदलला असता तर फरक पडला असता का, हाही प्रश्न येतो. १४ सप्टेंबर २०२० रोजी शेतीविषयक तीन विधेयके लोकसभेत मांडली गेली. त्यांतल्या एकात, फळे-भाज्यांचा किरकोळ भाव शंभर टक्क्यांनी वाढल्याशिवाय साठ्यावर मर्यादा घालता येणार नाही, असे लिहिले होते. निदान आकडा आधीच छापलेला होता, म्हणून मला ती तरतूद तेव्हा बरी वाटली होती. शेतकरी मोकळा होणार अशी भाषणे ज्या दिवशी सुरू झाली, त्याच १४ सप्टेंबरला कांद्याची निर्यात बंद केली गेली. महिन्याभराने तोच नवा आकडा ओलांडला गेल्याचे सांगून साठ्याची मर्यादाही आली: घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळ विक्रेत्याला २ टन. लासलगावचे लिलाव थांबले. पुढे ते कायदेच रद्द झाले.

मतपेटीचा उपाय लोकांनी करून पाहिला. एप्रिल २०२४ मध्ये बंदी चालू असतानाच गुजरातेतला २,००० टन पांढरा कांदा बाहेर पाठवायला परवानगी मिळाली, आणि आमच्याकडे त्याचा जो संताप झाला तो बंदीच्या संतापाहून मोठा होता. ४ मे रोजी बंदी उठली, ५५० डॉलरचे किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. २० मे रोजी दिंडोरीत लोकसभेसाठी मतदान झाले आणि केंद्रीय राज्यमंत्री असलेल्या उमेदवार पडल्या. कांद्याने रडवले, अशा मथळ्यांचा पाऊस पडला. सहा महिन्यांनी विधानसभेला त्यांच्याच महायुतीने नाशिक जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा जिंकल्या. लोक विसरले असे मी म्हणत नाही. मतदाराला एका मतात कांदा, जात, योजना आणि उमेदवार हे सगळे बसवावे लागते, एवढेच मला दिसते.

याचिका लिहायचीच झाली तर मी बंदीवर बंदी मागणार नाही. शुल्क वाढवण्याच्या अधिसूचनेला ठरावाद्वारे संसदेची मंजुरी घ्यावी लागते. त्याहून कितीतरी कठोर असलेली निर्यातबंदी मात्र सभागृहासमोर नुसती ठेवली की भागते. हा उलटा क्रम बदलावा, भाव किती चढला तर हात घालणार आणि किती पडला तर खरेदी करणार हे दोन्ही आकडे लागवडीपूर्वी राजपत्रात यावेत, आणि जहाजातल्या मालाला मिळते ती सवलत शेतातल्या उभ्या पिकाला कोणत्या ना कोणत्या रूपात मिळावी, एवढेच मी मागेन. न्यायालय यावर म्हणेल की हे संसदेचे काम आहे, आणि न्यायालयाचे बरोबर असेल.

१ एप्रिल २०२५ पासून निर्यात शुल्क पूर्ण उठले. त्या उन्हाळ्यात गावाला गेलो तेव्हा कोणी पेढे वाटत नव्हते, कारण भाव तरीही पडलेलेच होते. २०१९ च्या बंदीनंतर बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत हसत म्हणाल्या होत्या की, मी स्वयंपाक्याला कांद्याशिवाय शिजवायला सांगितले आहे. ते हसणे आम्ही फार हलके घेतले. आपला माल मध्येच थांबतो हे कळल्यावर गिऱ्हाईक दुसरीकडे पाहू लागते आणि स्वतःही पिकवू लागते. ते परत आणण्याची अधिसूचना काढता येत नाही.

मागच्या कार्तिकात हे सगळे मी चुलतभावाला बांधावर बसून सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "दादा, ते ठीक आहे, पण उन्हाळ तीन एकर लावू की दोन?" मला सांगता आले नाही. त्याने दोन एकर लावला आणि उरलेल्या एकरात मका पेरला.