मारव्याला लागून उदबत्ती

कोथरूडच्या आमच्या स्टुडिओत मास्टरिंगला, म्हणजे प्रकाशनाआधी आवाजावर शेवटचा हात फिरवायला, आलेला हा अल्बम एका ज्येष्ठ संगीतकार ताईंचा. पहिला ट्रॅक मारवा रागातला अठरा मिनिटांचा बडा ख्याल आणि त्याला लागूनच उदबत्तीची वीस सेकंदांची जाहिरात! पुढे श्री रागातली बंदिश, मग पापड. सगळ्या चाली त्यांच्याच.

"ताई, जाहिराती शेवटी एकत्र लावू या का?"

"नको रे. आधी हे दोन लागोपाठ ऐक."

ऐकले. मारव्यात पंचम वर्ज्य, म्हणजे 'प' लागतच नाही, त्यात तानपुऱ्याची पहिली तार निषादाला लावलेली. गाणं कोमल रिषभ आणि धैवतावरच घुटमळतं, षड्जावर, म्हणजे 'सा'वर, टेकतच नाही. जीव कासावीस होतो. आणि जाहिरात सोहनी रागात! स्वर तेच, पण सगळी ओढ तार षड्जाकडे, वरच्या 'सा'कडे. ज्या स्वरांनी आत्ता घालमेल केली, तेच खिदळू लागले. शेजारी ठेवल्यामुळेच हे मला इतकं लख्ख ऐकू आलं.

पोटापाण्यासाठी केलेलं संगीत म्हणून जाहिरातींना बाजूला सारणं मला पटत नाही. पॅरिसला नादिया बुलांजे या नामवंत संगीतशिक्षिकेकडे शिकलेल्या संगीतकार वनराज भाटियांनी लिरिलच्या जाहिरातीला संगीत दिलं. विविध भारतीवरच्या जाहिराती १९६७ मध्ये सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे, नागपूर इथूनच. ताई त्या ऐकतच वाढल्या.

खरी कसोटी आवाजाच्या पातळीची. जाहिरात रेडिओसाठी भरपूर कॉम्प्रेस केलेली, म्हणजे लहान-मोठा आवाज दाबून एकसारखा केलेली, तर आलाप जवळजवळ कुजबुजीतून सुरू होणारा. मीटरवर दोन्ही उणे १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) आणले की आलाप अंगावर येतो आणि तानांची टोकं लिमिटर, म्हणजे आवाज ठरावीक मर्यादेवर अडवणारं साधन, छाटतो. म्हणून ख्यालाला हात लावला नाही. जाहिराती कानाने खाली आणल्या. स्पॉटिफाय एरवी सगळ्या ट्रॅकचा आवाज सारखा करतं, पण अल्बम ओळीने वाजवला तर तिथेही हा फरक टिकतो. मध्ये मी सहा सेकंदांची शांतता ठेवली होती. ताईंनी ती चारवर आणली, आणि त्यांचंच बरोबर होतं: मारवा कानात असतानाच सोहनी यायला हवी.

जाहिरातीवर संगीतकाराचं नाव सहसा लागत नाही, वादकांचं तर नाहीच. इथे मेटाडेटात, म्हणजे फाइलसोबत जाणाऱ्या माहितीत, प्रत्येक जाहिरातीपुढे राग, ताल आणि वादक लिहिले. क्लॅरिनेटवाल्यांचं नाव ताईंना आठवेना. त्यांनी तिथूनच जुन्या साथीदारांना फोन लावले, नाव मिळवलं, आणि मगच मी अंतिम फाइल काढली.