टाच दुखते? बाजेवरून उतरायच्या आधी पाय ताणा

कापूस वेचणी सुरू झाली की आमच्या गावात कोणी ना कोणी म्हणतंच, "सकाळी उठली का टाच टेकवत नाही वं माय, खिळा टोचल्यासारखं होते." चार पावलं चाललं की सैल होतं, म्हणून बाई तशीच वावरात जाते आणि संध्याकाळी टाच पुन्हा ठणकते. माझ्या आईचंही हेच होतं आणि तिनेही ते लय दिवस अंगावरच काढलं, आपल्याकडच्या बाया काढतात तसं.

टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळपायाखाली एक जाड पट्टा असतो, प्लांटर फॅशिया म्हणतात त्याला. रात्रभर तो आखडून राहतो आणि उठल्याबरोबर त्याच्यावर सगळ्या अंगाचा भार येतो, म्हणून पहिलं पाऊल सगळ्यात जास्त दुखतं. दिवसभर उभ्याने काम, घरात फरशीवर अनवाणी, बाहेर झिजलेली चपटी चप्पल, वरून पोटऱ्या आखडलेल्या, मग त्या पट्ट्यावर ताण येणारच. एक्स-रेत 'हाड वाढलं' दिसलं की लोक लगेच ऑपरेशनचं बोलतात, पण असं वाढलेलं हाड काहीच दुखत नसलेल्या लोकांतही दिसतं, त्याला घाबरू नका.

आईला सगळ्यात जास्त फरक पडला तो बाजेवरच करायच्या व्यायामाने. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, पायाची बोटं हाताने धरून नडगीकडे ओढायची, बरोबर ओढली तर दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला तळव्यातला पट्टा ताठ झालेला लागतो. 10 सेकंद धरायचं, सोडायचं, असं 10 वेळा, दिवसातून तीनदा, आणि सकाळचं मात्र पाय खाली टेकवायच्या आधीच. सोबत भिंतीला हात टेकून, मागचा गुडघा सरळ आणि टाच जमिनीला ठेवून पोटरी ताणायची. दुखणं जरा कमी झालं की पायरीवर बोटांखाली टॉवेलची घडी ठेवून टाच हळूहळू वर-खाली करायची, 3 सेकंदात वर, 2 सेकंद थांबा, 3 सेकंदात खाली, एक दिवसाआड. याने पट्ट्याला ताकद येते.

चपलेवरून आमच्या घरी बरंच झालं. "सयपाकघरात चप्पल? देव हायेत तिथं!" मग एक नवीन मऊ, टाचेला गादी असलेली जोडी आणली जी अंगणाच्या बाहेर कधी जातच नाही, तेव्हा कुठे आई ऐकली. माझ्या मते प्रत्येक घरात बाईसाठी अशी एक जोडी पाहिजेच, फरशी झाली तेव्हापासून तर जास्तच.

रुईचं पान गरम करून शेकलं तर बरं वाटतं, शेका, फक्त चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. फ्रीजमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली कपड्यात गुंडाळून तळव्याखाली 10-15 मिनिटं फिरवली तरी ठणक कमी होते. पण बिब्बा लावू नका, त्याच्या तेलाने कातडी जळते, आणि शुगर असेल तर ती जखम लय महागात पडते. शुगरवाल्यांनी शेक न् बर्फ पण डॉक्टरला विचारूनच करावा, पायाला बधिरपणा असला तर भाजलेलं कळत नाही. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने थोडे दिवस आराम पडतो, पण पट्टा फाटायची भीती असते, म्हणून घाईने घेऊ नका.

वेळ लागतो, महिने लागतात, पण वर्षभरात बहुतेकांचं बरं होतं. टाच सुजली, मुंग्या येतात, ताप आहे, रात्री पडल्या पडल्याही दुखतं, किंवा तरण्या पोराच्या दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही आखडते, तर घरी व्यायाम करत बसू नका, सरळ डॉक्टरकडे जा.