चढणीचे मासे, उतरणीचे वारकरी

पालखीच्या प्रस्थानाला देहूत आलेला माणूस आधी देऊळ गाठतो आणि मग इंद्रायणीचा घाट. पाय धुऊन झाले की हात पिशवीत जातो आणि मूठभर चुरमुरे पाण्यात पडतात. पूर्वी चुरमुरे पाण्याला टेकायच्या आत पाणी उसळायचं म्हणे. या माशांना इथे देवमासे म्हणतात. ते धरायचे नाहीत, ही रीत सरकारी फलकांच्या कितीतरी आधीची. ज्या डोहात गाथेच्या वह्या बुडवल्या आणि तेराव्या दिवशी त्या कोरड्या वर आल्या अशी श्रद्धा आहे, तिथे जाळं टाकायला कोण धजावणार? शिवाय गळ्यात तुळशीची माळ पडली की मासळी सुटतेच.

देवमासा म्हणजे महासीर. मोठे खवले, जाड ओठ, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या आणि परांना निळसर झाक. उन्हाळ्यात तो खोल डोहात दम धरून राहतो आणि पावसाचं पहिलं गढूळ पाणी आलं की प्रवाहाविरुद्ध वर निघतो. अंडी घालायला त्याला खडी-गोट्यांचा तळ आणि खळाळतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. गोट्यांवर गाळ बसला की अंडी गुदमरतात. दिसतो देहूत, पण त्याचं बाळंतपण वर मावळात.

आम्ही वारकरी मात्र बरोबर उलटे जातो. ज्येष्ठात निघायचं आणि आषाढी एकादशीला पंढरपूर गाठायचं, म्हणजे पाण्याबरोबर खाली. इंद्रायणी, मुळा-मुठा, कऱ्हा, नीरा या सगळ्या शेवटी भीमेला मिळतात आणि तुकोबांची पालखी याच खोऱ्यातून चालते. आपण उतरतो त्याच महिन्यात मासे चढत असतात, हे मला आमच्या दिंडीतल्या काकांनी सांगितलं. काका जातीने भोई, आयुष्य मासेमारीत गेलेलं. माळ घातली तेव्हा जाळं धाकट्या भावाला देऊन टाकलं. पण नदी दिसली की त्यांचे डोळे आधी पाण्याचा रंग बघतात. ती सवय माळेने सुटलेली नाही.

आमची दिंडी छोटी, लोणावळ्याकडच्या गावांतली. देहूला आम्ही चालतच जातो, कार्ला, कामशेत, वडगाव, इंदोरी असं नदीला धरून. इंद्रायणी कुरवंड्याजवळ उगम पावते, नागफणीच्या सुळक्याच्या बाजूला. तिथे उभं राहिलं की पश्चिमेला कडा एकदम सहाशे मीटर खाली कोकणात कोसळलेला दिसतो. पूर्वेला असं काही नाही. लोणावळ्यापासून देहूपर्यंत नदी शंभर मीटरसुद्धा उतरत नाही. डोंगरातली नदी म्हटल्यावर धबधबे आठवतात, पण ते दोन्ही बाजूंच्या रांगांवरून येणाऱ्या ओढ्यांना. मुख्य नदी भातखाचरांमधून सावकाश येते, मधेच बेसाल्टच्या खडकात शिरते, कुंडमळ्यासारख्या ठिकाणी त्यात रांजणखळगे कोरते आणि पुन्हा शांत होते.

त्या ओढ्यांतला माझा आवडता मासा म्हणजे मल्या. बोटभर लांब, मातकट, बाजारात कोणी विचारत नाही असा. त्याच्या हनुवटीखाली एक चकती असते, तिने तो खडकाला चिकटतो. पाणी अंगावरून धो धो जात असताना हा आपला दगडावरचं शेवाळ खात बसलेला. पहिल्या पावसात ओल्या कातळावरून मल्ये अक्षरशः सरपटत वर जातात. चढणीचे मासे म्हणतात ते हेच सगळे. मोठे नदीतून ओढ्यात येतात आणि लहान ओढ्यातून थेट खाचरात. काका लहानपणी कंदील घेऊन रात्रभर बांधावर बसायचे. आता टॉर्च घेऊन पोरं बसतात. अंड्यांनी पोट भरलेली मादी धरली की पुढची पिढीच टोपलीत गेली, हे काकांना पटतं. पण ते लगेच म्हणतात, "माउली, टोपलीने नदी रिकामी होत नाही. आमच्या आज्ज्यापणज्यांनी हेच केलं, तरी मासे होतेच की."

मग काय झालं? काकांचं बोट वळवणच्या भिंतीकडे जातं. वळवण, लोणावळा, शिरोता ही तळी टाटांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बांधली आणि १९१५च्या सुमारास खोपोलीचं वीजघर सुरू झालं. या तळ्यांतलं पाणी नळांतून घाट उतरतं, टर्बाइन फिरवतं आणि कोकणातून अरबी समुद्राला जातं. म्हणजे भीमा-कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागराला जायचं पाणी उगमापाशीच तोंड फिरवतं. गंमत अशी की त्याच वळवणच्या काठावर १९७०च्या दशकापासून महासीरची पिल्लं तयार करण्याचं केंद्र आहे. इथून निघालेलं बीज देशभर सोडलं गेलं, काही कावेरीतही. तिथे आमच्या या दख्खनी पाहुण्याने असं बस्तान बसवलं की कावेरीचा स्वतःचा मदार असलेला महासीर आज नामशेष व्हायच्या काठावर आहे. दख्खनी महासीर मात्र २०१८ सालच्या जागतिक लाल यादीत 'धोक्याबाहेर' गणला गेला. चांगल्या हेतूने सोडलेला मासासुद्धा चुकीच्या नदीत गेला की काय होतं, याचं इतकं ठळक उदाहरण दुसरं मला माहीत नाही.

आकुर्डीचा मुक्काम आटोपून पालखी पुण्याकडे निघते. दापोडीला हॅरिस पुलावरून मुळा ओलांडताना मी दरवर्षी कठड्याशी थांबते. पवना इथे जवळच मुळेला मिळते. पाण्याला वास असतो, वर जलपर्णी असते आणि पूल टाळ-मृदंगाने दणाणत असतो, त्यामुळे खाली कोणी बघतही नाही. पुण्याच्या दोन दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पाय चोळून घेणं, कपडे वाळवणं आणि नातेवाइकांकडची पुरणपोळी.

हडपसर सोडून लोणी काळभोरच्या रस्त्याला लागलं की मुळा-मुठा डाव्या हाताला, थोडी लांबून, आपल्याबरोबर चालते. नेमका हाच पट्टा माशांच्या अभ्यासात जगप्रसिद्ध आहे, हे वारीत कोणाला सांगितलं तर हसतात. कर्नल साइक्स नावाचा कंपनी सरकारचा अधिकारी दख्खनभर माहिती गोळा करत हिंडायचा. त्याने १८३९ साली इथल्या माशांची पहिली शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली. आपल्या देवमाशाचं वर्णन त्याने पुण्याच्या पूर्वेच्या मुळा-मुठेतल्या नमुन्यावरूनच केलं. कोळी-भोयांकडून ऐकलेली नावं त्याने तशीच लॅटिनमध्ये बसवली, त्यामुळे खुद्री (म्हणजे हाच देवमासा), कोळशी, मल्या ही आपली नावं आज जगभरच्या संग्रहालयांतल्या बरण्यांवर आहेत. पुढे १८७२ मध्ये एका मऊ पाठीच्या कासवाचंही शास्त्रीय वर्णन पुण्यातल्या नमुन्यावरून झालं. लीथचं कासव म्हणतात त्याला. ते आता अतिसंकटग्रस्त आहे. काकांनी तरुणपणी पुष्कळ पाहिली. "पाठ चामड्यासारखी, मान ही एवढी लांब, चावलं की सोडत नाही," असं ते हाताने मापून दाखवतात.

यवत, वरवंड ओलांडून पाटसच्या पुढे रोटीचा घाट येतो. दिवेघाटापुढे हा घाट म्हणजे चढाव म्हणायचा इतकाच, पण नकाशात त्याचं महत्त्व मोठं. घाटाच्या अलीकडचं पाणी उत्तरेला भीमेत जातं आणि पलीकडचं दक्षिणेला कऱ्हेत. माथ्यावर पोहोचलो की मागे वळून पाहायचं, असं मी नव्या पोरींना सांगते. मावळातले ढग मागे राहिलेले असतात. लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, पुण्यात साधारण ७००, आणि बारामती-इंदापूरकडे ५००च्या आसपास. प्रस्थानाला चिखल तुडवणारे आम्ही इथे सावली शोधत चालतो. बारामतीला कऱ्हा लागते ती बहुतेक वेळा दगडगोट्यांचीच.

तरी रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस उभा. हे पाणी कुठलं? भोरच्या डोंगरातलं. नीरा तिथे उगम पावते. भाटघर, देवघर, वीर या धरणांत ते अडतं आणि नीरा डाव्या कालव्यातून इथवर येतं. हा कालवा १८८०च्या दशकातला. बारामतीहून सणसरकडे जाताना आम्ही कपडे धुतो, अंघोळी करतो ते कालव्यावर. पाणी थंड आणि गढूळ, डोंगरातलंच. काका त्यात उतरतात, पण त्याला नदी मानत नाहीत. तळाला गोटा नाही, डोह नाही, झाडाची मुळं नाहीत; मासा इथे आला तर शेतात जाऊन मरायचा, असं त्यांचं म्हणणं.

सराटीला पालखी खऱ्या नीरेला भेटते. तुकोबांच्या पादुकांना इथे नीरा स्नान घालतात. पात्राभोवती इतकी गर्दी असते की पाणी दिसण्याआधी फेटे दिसतात. पादुका पाण्याला लागल्या की 'ज्ञानबा-तुकाराम'चा असा गजर उठतो की अंगावर काटा येतो, आणि हे मी भाबडेपणाने सांगत नाही. गर्दी ओसरल्यावर काका मला खालच्या अंगाला घेऊन गेले. तिथे पाणी गुडघाभर होतं. दोन नदीसुरय पक्षी पाण्यावर घिरट्या घालत होते आणि एक खंड्या काठीवर बसला होता. काकांनी एका दगडाखाली हात घातला आणि बाहेर काढला तो खेकडा. त्याला परत सोडताना म्हणाले, "वाम असणार इथे. शिंगाळा पण असेल. महासीर नाही."

"कशावरून?"

"वर जायला वाट कुठाय त्याला?"

मग त्यांनी मला बंधाऱ्यांचा हिशेब शिकवला. कोल्हापुरी बंधारा असेल तर पावसाळ्याआधी त्याचे ढापे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या सुट्या फळ्या, काढतात, त्यामुळे पूर निघून जातो आणि त्याच फटींतून मासा चढतो. ढापे वेळेवर काढले नाहीत तर मासे खाली भिंतीला थडकत राहतात आणि पोरं टोपल्या घेऊन तयारच असतात. धरणाला तर ढापेही नाहीत. अहेर, म्हणजे सापासारखी लांबडी मासळी, ही खरी लांब पल्ल्याची प्रवासी. ती समुद्रात जन्मते, पोर असताना नदीच्या मुखातून शिरते, वर्षानुवर्षं गोड्या पाण्यात वाढते आणि अंडी घालायला पुन्हा समुद्राकडे निघते. भीमेच्या खोऱ्यातल्या अहेरीला बंगालच्या उपसागरातून कृष्णा आणि भीमा चढून यावं लागतं. वाटेत किती भिंती आहेत ते मोजून बघा. काकांनी शेवटची अहेर कधी पाहिली ते त्यांना आठवत नाही.

अकलूज, बोरगाव, पिराची कुरोली करत आपण भीमेच्या कुशीत येतो. देहूपासून इथवर जमीन जेमतेम सव्वाशे-दीडशे मीटर उतरलेली असते. नीरा तिकडे नरसिंहपूरला भीमेत मिसळते. त्याच्या वर उजनीचं धरण, १९८० साली पूर्ण झालेलं, ११७ टीएमसीचं. आषाढीला चंद्रभागेत जे पाणी असतं, ते बहुतेक वर्षी उजनीतून सोडलेलंच असतं. आणि त्या पाण्यातला मासा? भिगवणच्या खानावळींत चिलापीचं नाव आहे, पण चिलापी आफ्रिकेची. रोहू-कटला गंगेकडचे. काचेच्या टाक्यांमधून सुटलेला सकर मासा दक्षिण अमेरिकेचा. त्याच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात आणि बाजारात त्याला किंमत नाही. साइक्सच्या यादीतले मासे उजनीत शोधावे लागतात.

वाखरीपासून काकांचा आणि माझा वाद जुंपला. माझं म्हणणं, देहूचे मासे मरतात ते सांडपाण्याने. आळंदीला नदीवर पांढरा फेस येतो तो सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला आहे, देहूत मेलेले मासे काठाला लागल्याच्या बातम्याही आल्या. गावांचं आणि कारखान्यांचं पाणी शुद्ध करून सोडलं तर डोह वाचेल. शिवाय दिंड्यांनी नदीत कपड्यांचा साबण कशाला न्यायचा? आमच्या बायकांनी यंदा तो बंद केला, त्याचा मला अभिमानही होता.

काका म्हणाले, "साबण बंद करा, चांगलंच आहे. पण डोह स्वच्छ करून काय करणार? मासा डोहात नुसता राहतो. त्याला मावळात जायचंय. चुरमुऱ्यांनी म्हाताऱ्या माशांचं पोट भरेल, पोरं कुठून येणार?"

मी म्हटलं, देहूच्या वर मोठं धरण नाही, उपनद्या मोकळ्या आहेत, आधी पाणी तर सुधारू दे. ते म्हणाले, मोकळ्या कुठल्या, वडिवळ्याला भिंत, आंद्रेला भिंत, आणि मधल्या ओढ्यांवर सिमेंटचे बंधारे वेगळेच. त्या बंधाऱ्यांना कडेने गोट्यांचा उतार बांधून दिला तर मल्या तरी जाईल, असं मी सुचवलं. यावर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "उतार कितीचा?" मला सांगता आलं नाही. मग दोघांनी मिळून काठीने धुळीत आकृती काढली. मागून येणाऱ्या विणेकऱ्यांनी ती पायांनी पुसली आणि आम्हाला ओळीत हाकललं. दर्शनबारी गोपाळपूरच्या पुढे गेली होती, त्यामुळे वेळ भरपूर होता. आम्ही ती आकृती तिथे पुन्हा काढली.